मौन दिवस, टी-शर्ट आणि शाळा: एकाला परवानगी, दुसऱ्याला मनाई?

सुमेधा_जर्सी

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, समलैंगिकता बरोबर की चूक हा वाद इथे नकोय. त्यावर जुने धागे ढिगाने आहेत आणि बहुतेकांना ॲडमिनने कुलूप घातलंय. माझा प्रश्न शाळेबद्दल आहे.

लेक दहावीत, मध्य न्यू जर्सीतल्या पब्लिक हायस्कूलमध्ये. शाळेत जीएसए नावाचा विद्यार्थ्यांचा क्लब आहे. एलजीबीटीक्यू मुलं आणि त्यांच्या बाजूची मुलं असे सगळे त्यात असतात. लेक दुसऱ्या गटातली (असं ती म्हणते आणि मी खोदून विचारलेलं नाही). एप्रिलमध्ये त्यांचा 'डे ऑफ सायलेन्स' असतो. १९९६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी हे सुरू केलं. त्रास होईल म्हणून ज्यांना गप्प बसावं लागतं त्यांच्यासाठी आपण दिवसभर गप्प राहायचं, कुणी विचारलं तर हातातलं कार्ड दाखवायचं. सासूबाई सध्या इथे आहेत, त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे मौनी अमावस्या की. त्यात काय वाईट?" तो प्रश्न तिथेच मिटला.

पण त्याच दिवशी स्पॅनिशची तोंडी परीक्षा आहे. लेक म्हणते, न बोलणं हा माझा घटनादत्त अधिकार आहे, बाईंनी तारीख बदलावी.

दुसरा भाग जास्त अवघड. गेल्या आठवड्यात एक मुलगा 'लिंगं दोनच' अशा अर्थाचा टी-शर्ट घालून आला. व्हाइस प्रिन्सिपलने त्याला तो उलटा करून घालायला लावला. हा मुलगा आमच्याच मंडळातल्या मैत्रिणीचा. गणपतीच्या मिरवणुकीत तो आणि माझी लेक एकाच रांगेत लेझीम खेळलेत. मैत्रिणीचा फोन आला: "तुझ्या मुलीच्या पोस्टरला शाळेची अख्खी भिंत, आणि माझ्या मुलाला स्वतःचा शर्टसुद्धा नाही?"

शर्ट उलटा करायला लावला हे ऐकून मला आधी बरंच वाटलं होतं. तिच्या फोननंतर तितकंसं वाटत नाहीये. इथला कायदा काय म्हणतो? आणि कायदा बाजूला ठेवला तर तुम्ही काय म्हणाल?

चकली

रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहिते.

हा_का_ना_का

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वकील मंडळी कुठे आहेत?

कलम_एकोणीस

आले. एलएलबी पुण्यात, एलएलएम इथे, काम कंपन्यांच्या करारांचं. त्यामुळे हा कायदेशीर सल्ला नाही, आवडीने वाचलेलं आहे.

सुरुवात आयोवा राज्यातल्या डे मॉइन गावापासून. डिसेंबर १९६५. व्हिएतनाम युद्धाचा निषेध म्हणून काही मुलांनी दंडाला काळ्या फिती बांधून शाळेत जायचं ठरवलं. मुख्याध्यापकांना कुणकुण लागली, त्यांनी घाईघाईने फितीबंदीचा नियम केला. मेरी बेथ टिंकर १३ वर्षांची, तिचा भाऊ जॉन १५ चा, ख्रिस्तोफर एकहार्ट १६ चा. फिती बांधून गेले, निलंबित झाले. खटला सर्वोच्च न्यायालयात पोचायला १९६९ उजाडलं, आणि मुलं ७ विरुद्ध २ ने जिंकली. न्यायमूर्ती फोर्टस यांच्या निकालातलं वाक्य इथल्या प्रत्येक नागरिकशास्त्राच्या तासाला येतं: विद्यार्थी काय किंवा शिक्षक काय, शाळेच्या फाटकाशी आपलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य उतरवून ठेवत नाहीत.

कसोटी अशी ठरली की मुलाच्या बोलण्याने शाळेच्या कामात मोठा व्यत्यय येणार असेल, किंवा दुसऱ्यांच्या हक्कांवर घाला येत असेल, तरच शाळेने अडवावं. 'कुणालातरी आवडणार नाही, वाद होईल' एवढी धास्ती पुरत नाही.

पुढे याला कात्री लागत गेली. १९८६ मध्ये सभेतलं अश्लील भाषण रोखायची मुभा शाळांना मिळाली. १९८८ च्या हेझलवूड खटल्यात शाळेच्या वृत्तपत्रातली किशोरवयीन गरोदरपण आणि घटस्फोट यांवरची पानं काढून टाकणं योग्य ठरलं, कारण पत्र शाळेचं. २००७ मध्ये अलास्कातल्या एका मुलाचा गांजाचा उल्लेख असलेला फलक हरला. २०२१ मध्ये मात्र शाळेबाहेर, सुट्टीच्या दिवशी स्नॅपचॅटवर शाळेला शिव्या घालणारी चिअरलीडर ८ विरुद्ध १ ने जिंकली.

आता लेकीचं. जाता-येता, जेवणाच्या सुट्टीत, कॉरिडॉरमध्ये ती गप्प राहू शकते, कार्ड वाटू शकते, फीत लावू शकते. टिंकरच्या फितींसारखंच हे. पण तासाला शिक्षकांनी प्रश्न विचारला तर 'आज माझं मौन आहे' हे कायद्यापुढे टिकणारं उत्तर नाही. तोंडी परीक्षा तर नाहीच. आधी जाऊन बाईंशी बोला, बहुतेक शिक्षक समजून घेतात.

टी-शर्टचं उत्तर लांबलचक आहे. जेवून येते.

खडूस_फळा

एवढा काथ्याकूट कशाला? गणवेश आणा. शर्टच पांढरा, मग त्यावर काय लिहायचं हा प्रश्नच नाही. मुलांना शाळेत बीजगणित शिकायला पाठवतो, चळवळ करायला नाही. मौन पाळायचं असेल तर शनिवारी पाळावं. आमच्याकडे शनिवारी मुलगा दुपारी बारापर्यंत मौनातच असतो.

चकली

@खडूस_फळा, तुमचा मुलगा झोपलेला असतो हो.

टेक्सासकर

सुमेधा, तुमच्याकडे निदान भांडायला क्लब तरी आहे. डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को-प्लेनो भागात, आपली मराठी मंडळी किती आहेत सगळ्यांना ठाऊक आहे. इथे २०२५ च्या जूनमध्ये राज्यपाल ॲबट यांनी सिनेट बिल १२ वर सही केली, १ सप्टेंबरपासून लागू. लैंगिक कल किंवा लिंगओळख यांवर आधारलेल्या क्लबांना शाळेने मान्यता द्यायचीच नाही. शिवाय कुठल्याही क्लबात जायचं तर पालकांची लेखी परवानगी हवी. मुलाच्या बुद्धिबळाच्या क्लबासाठीही सही केली मी.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. परवानगीचा कागद मला आवडला. मूल कुठे जातं हे आईबापांना कळायला हवं. पण क्लबच नको, हे पटलं नाही. बायबलचा क्लब आहे, इतर धर्मांच्या मुलांचे आहेत. मग पाच-सहा मुलांनी एका रिकाम्या वर्गात बसून गप्पा मारल्या तर राज्याला काय अडचण?

कलम_एकोणीस

@टेक्सासकर, बायबलवरून आठवलं. १९८४ चा इक्वल ॲक्सेस ॲक्ट, रेगन यांच्या काळातला केंद्रीय कायदा. शाळांमध्ये मुलांना प्रार्थनेचे, बायबल वाचनाचे क्लब काढता यावेत म्हणून धार्मिक गटांनी जोर लावून तो करून घेतला. कायदा म्हणतो, केंद्राचे पैसे घेणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेने अभ्यासक्रमाबाहेरचा एक जरी क्लब चालू दिला, तरी विचार काय आहेत हे बघून दुसऱ्याला नाही म्हणायचं नाही. पुढे याच कायद्याचं बोट धरून जीएसए शाळाशाळांत शिरले. ज्यांनी दार उघडून घेतलं त्यांना हे पाहुणे अपेक्षित नव्हते.

सॉल्ट लेक सिटीचा किस्सा तर अफलातून आहे. ईस्ट हायस्कूलच्या मुलांनी जीएसए काढायचं ठरवलं. एकट्या त्या क्लबाला बंदी घालता येत नाही म्हटल्यावर १९९६ मध्ये शिक्षण मंडळाने अभ्यासक्रमाबाहेरचे सगळेच क्लब बंद केले! मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. मंडळाने धोरण मागे घ्यायला २००० साल उजाडलं.

हा_का_ना_का

एका उंदरासाठी घर जाळलं म्हणा की.

नेपरव्हिलवासी

टी-शर्टबद्दल मी लिहितो, कारण आमच्या गावाचं नाव या विषयात कायमचं कोरलं गेलंय. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधली न्युक्वा व्हॅली हायस्कूल. २००६ मध्ये मौन दिवसाला उत्तर म्हणून एक मुलगी 'बी हॅपी, नॉट गे' असा शर्ट घालून आली. शाळेने मार्करने 'नॉट गे' खोडलं, शर्टावर उरलं 'बी हॅपी'. प्रकरण कोर्टात गेलं. सातव्या सर्किटचे (सर्किट म्हणजे काही राज्यांसाठीचं केंद्रीय अपील न्यायालय) न्यायाधीश पोस्नर यांनी २००८ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये मुलांच्या बाजूने निकाल दिला. म्हणणं असं की ही टीका अगदी मिळमिळीत आहे, एवढ्याने शाळा कोसळत नाही, आणि आपल्यावर टीकाच होऊ नये असा हक्क कुणालाच नसतो. नुकसानभरपाई किती? दोन विद्यार्थ्यांना प्रत्येकी २५ डॉलर. हो, पंचवीस.

आता गंमत बघा. कॅलिफोर्नियात पोवे इथे २००४ मध्ये टायलर हार्पर हा विद्यार्थी समलैंगिकता लज्जास्पद आहे असा शर्ट घालून आला होता, तोही मौन दिवसाच्याच सुमारास. तिथे नवव्या सर्किटने २००६ मध्ये शाळेची बाजू घेतली. कारण दिलं की हा दुसऱ्या मुलांच्या मुळावरचा घाव आहे. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्दबातल केला, पण तोवर मुलगा शाळेतून बाहेर पडला होता म्हणून, योग्य-अयोग्य ठरवून नव्हे.

थोडक्यात, कुठल्या राज्यात घर घेतलंय त्यावर अवलंबून.

खडूस_फळा

घर घेताना स्कूल डिस्ट्रिक्टचं रेटिंग बघायचो, आता सर्किट कोर्टही बघावं लागणार.

मधला_बाक

इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज लिहितो.

मी गे आहे. मुलांच्या शाळेत शिकलो, महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी, नव्वदच्या दशकात. चालण्यावरून नाव पडलं होतं. ते नाव काय असेल हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळलंय. एक सर हजेरी घेताना तेच नाव पुकारायचे आणि वर्ग हसायचा. 'हजर' म्हणावं लागायचं, नाहीतर गैरहजेरी लागायची.

म्हणून हा मौन दिवस म्हणजे चोचले आहेत असं वाटणाऱ्यांना एवढंच सांगतो की त्या काळात एका मुलाने जरी 'सर, त्याचं नाव ते नाही' म्हटलं असतं तरी मला पुरलं असतं. भाषण, झेंडा, महिना काही नको होतं.

शर्टाबद्दल माझं मत ऐकून काही जण नाराज होतील. मी शाळेत असतो तर तो शर्ट मला टोचला असता. तरीही तो उतरवायला लावू नये असं मला वाटतं. मला ज्यांनी छळलं त्यांच्या शर्टावर काहीही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. मुतारीत, बसच्या मागच्या बाकावर, डब्याच्या सुट्टीत जे चालायचं तिकडे एकाही मोठ्या माणसाचं लक्ष नव्हतं. शाळेने एक शर्ट उलटा केला की आपण काहीतरी केलं असं तिला वाटतं, आणि बस तशीच राहते.

चकली

@मधला_बाक, लिहिलंत हे फार बरं केलंत. त्या सरांना काय म्हणावं...

गणितबाई

मधला_बाक, तुमच्या अनुभवापुढे बोलायला संकोच वाटतोय, पण शर्टाबाबत मी सहमत नाही.

मी बे एरियात सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. माझ्या वर्गात ट्रान्स विद्यार्थी आहेत. 'लिंगं दोनच' हे तुम्हाला-मला मत वाटतं. त्या शर्टाच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला ते 'तू नाहीसच' असं वाचावं लागतं, अख्खा दिवस, आणि उठून जाता येत नाही. रस्त्यावर असतं तर मान वळवून गेला असता. शाळेत हजेरी सक्तीची आहे, हा फरक कोर्टानेही धरलाय. मॅसॅच्युसेट्समधल्या मिडलबरोमध्ये २०२३ साली सातवीतला मुलगा याच मजकुराचा शर्ट घालून आला. पहिल्या सर्किटने जून २०२४ मध्ये शाळेची बाजू घेतली आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. न्यायमूर्ती अलिटो आणि थॉमस यांनी तेव्हा मतभेद नोंदवला, पण निकाल टिकला.

आम्हा शिक्षकांचं वेगळंच. 'विद्यार्थी काय, शिक्षक काय' हे टिंकरमधलं वाक्य गोड आहे, पण सरकारी नोकर कामाचा भाग म्हणून जे बोलतो त्याला घटनेचं संरक्षण नाही, असं २००६ च्या गार्सेटी खटल्यापासून ठरलंय. माझ्या टेबलावर मी कुठलं स्टिकर लावावं हे डिस्ट्रिक्ट सांगू शकतं. मुलांना जेवढं बोलता येतं तेवढं मला येत नाही, ही गोष्ट पालकांना पटवता पटवता घसा बसतो.

आणि अभ्यासक्रमाचं म्हणाल तर कॅलिफोर्नियाने २०११ मध्येच कायदा करून इतिहास-समाजशास्त्रात एलजीबीटी लोकांच्या योगदानाचा समावेश केला. न्यू जर्सीने २०१९ मध्ये केला. त्यामुळे सुमेधाताई, तुमच्या भिंतीवर काय आहे त्यातलं शाळेचं किती आणि मुलांचं किती, हे आधी बघा.

मेरीलँडची_माई

गणितबाईंचा शेवटचा मुद्दा धरून लिहिते, कारण इथे सगळं एकाच पातेल्यात शिजतंय.

मी माँटगोमेरी काउंटीत राहते. आमच्या डिस्ट्रिक्टने २०२२ पासून लहान वर्गांत एलजीबीटीक्यू पात्रं असलेली गोष्टींची पुस्तकं आणली. आधी पालकांना सांगून मूल बाजूला बसवायची सोय होती, मार्च २०२३ मध्ये ती काढून घेतली. मुस्लिम, कॅथलिक, इथिओपियन ऑर्थोडॉक्स पालक एकत्र कोर्टात गेले. महमूद विरुद्ध टेलर. २७ जून २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ ने पालकांच्या बाजूने आदेश दिला: खटला चालू असेपर्यंत आधी कळवा आणि मुलाला बाहेर बसू द्या.

मला तो निकाल आवडला. मी कुणाचा द्वेष करत नाही. आमच्या शेजारी दोन बाबांचं कुटुंब आहे, दिवाळीचा फराळ जातो त्यांच्याकडे. पण बालवाडीच्या वयात काय, कधी, कुणी सांगायचं हे ठरवताना मला विचारायला हवं.

कलम_एकोणीस

जेवून आले. माई, तुम्ही पातेलं वेगळं केलंत ते फार बरं झालं. महमूद प्रकरण *शाळा काय शिकवते* याबद्दल आहे. टिंकर *मुलं एकमेकांशी काय बोलतात* याबद्दल. शाळेच्या पुस्तकातून तुम्ही मुलाला बाहेर काढू शकता, शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या फितीतून नाही. आणि तसंच शेजारच्या मुलाच्या शर्टातूनही नाही.

सुमेधा राहते तिथे तिसरं सर्किट लागू. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर. हे सर्किट मुलांच्या बाजूने बऱ्यापैकी उदार आहे. २००१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका डिस्ट्रिक्टचं छळविरोधी धोरण त्यांनी फार सैल आणि व्यापक म्हणून रद्द केलं. निकाल लिहिणारे न्यायाधीश कोण? तेव्हा तिथे असलेले हेच अलिटो. २००२ मध्ये न्यू जर्सीच्याच वॉरन हिल्समधला 'रेडनेक' विनोदांचा शर्ट तिथेच जिंकला. २०१३ मध्ये स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृती करणारी, जरा चावट मजकुराची ब्रेसलेट घालणाऱ्या दोन शाळकरी मुलीही.

तेव्हा मिडलबरोचा निकाल बॉस्टनकडे चालतो, तो न्यू जर्सीतल्या एडिसनला बंधनकारक नाही. तुमच्या व्हाइस प्रिन्सिपलना 'व्यत्यय येईल' हे अंदाजाने नव्हे, पुराव्याने दाखवावं लागेल. त्या मुलाने कुणाला गाठून, नाव घेऊन काही म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी. तो छळ, आणि तिथे न्यू जर्सीचा छळविरोधी कायदा खूप कडक आहे.

ठाण्याचे_आजोबा

आम्ही इथून वाचतोय. अमेरिकेतल्या मुलांचं कौतुक वाटलं, पण आपल्याकडेही हे घडलंय बरं का. १९८५ मध्ये केरळात यहोवाचे साक्षीदार पंथातली तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहायची पण म्हणायची नाहीत. शाळेने काढून टाकलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. बिजो इमॅन्युएल खटला. न्या. चिन्नप्पा रेड्डी. त्यात अमेरिकेतल्या १९४३ च्या बार्नेट खटल्याचा दाखला आहे, तिथेही याच पंथाची मुलं होती आणि प्रश्न झेंड्याला वंदन करण्याचा होता. गप्प राहण्याचाही हक्क असतो, हे दोन्ही देशांत मुलांमुळेच लिहून निघालं.

आणि लैंगिक विषयावर बोलण्याचं म्हणाल तर र. धों. कर्वे आठवा. 'समाजस्वास्थ्य'मधल्या वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरले, दंड झाला. जवळजवळ नव्वद वर्षांनी एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं यावर शिक्षकांसाठी पुस्तिका काढली (२०२१), तर तक्रार होताच काही दिवसांत संकेतस्थळावरून उतरवली. आमच्या हिच्या भाषेत, पळी-पंचपात्र तेच, गुरुजी नवे.

हा_का_ना_का

आजोबा, शेवटचं वाक्य दत्तक घेतोय.

तन्वी_टॅम्पा

हाय, मी तन्वी. माझं मराठी आजीकडून शिकलेलं आहे सो चुका पोटात घाला. मी कॉलेजमध्ये आहे पण हायस्कूल फ्लोरिडामध्ये केलं, त्या लॉच्या वर्षी. २०२२ मध्ये गव्हर्नर डीसँटिसने साइन केलं. सगळे त्याला 'डोन्ट से गे' म्हणायचे. लॉमध्ये फक्त टीचरनी तिसरीपर्यंत लैंगिक कल आणि लिंगओळख शिकवायची नाही असं होतं, मग २०२३ मध्ये बारावीपर्यंत वाढवलं. पण टीचर एवढे घाबरले की काहीच बोलायचे नाहीत. मुलं विचारायची, हे चालेल का, ते चालेल का, आणि कुणालाच माहीत नव्हतं. २०२४ च्या मार्चमध्ये सेटलमेंट झाली तेव्हा क्लिअर झालं की मुलं बोलू शकतात, क्लब चालू शकतात.

सारासोटाजवळच्या शाळेत क्लास प्रेसिडेंट गे होता. त्याला सांगितलं होतं की ग्रॅज्युएशन स्पीचमध्ये तो विषय काढला तर माइक बंद करू. मग तो स्टेजवर टोपी काढून आपल्या कुरळ्या केसांबद्दल बोलला. फ्लोरिडाच्या दमट हवेत कुरळे केस असणं किती अवघड आहे, आधी मी ते सरळ करायचा प्रयत्न केला, वगैरे. सगळ्यांना कळलं. माइक चालू राहिला 😄

सुमेधा मावशी, मला शर्टवाल्या मुलाबद्दल एक विचारायचं आहे. तो जीएसएमधल्या कुणाशी कधी बोललाय का? इन पर्सन?

चकली

कुरळ्या केसांना साष्टांग नमस्कार. आमच्या संतांच्या भारुडात बसेल हा पोरगा.

खडूस_फळा

भाषण आवडलं. गणवेशाचा मुद्दा मी सोडलेला नाही.

सुमेधा_जर्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते.

स्पॅनिशच्या बाईंना लेकीने ईमेल केली. बाईंनी आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत परीक्षा घेतली. मौन दिवसाला इतर तासांना काही शिक्षकांनी लिहून उत्तरं घेतली, एकाने सरळ सांगितलं की वर्गात बोलावं लागेल, आणि ती बोलली. घरी येऊन कुरकुरली. मी कलम_एकोणीस यांचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. "ओके, फेअर" एवढंच उत्तर मिळालं, जे दहावीतल्या मुलीकडून पुष्कळ आहे.

भिंतीचं गणितबाई म्हणाल्या तसं तपासलं. मोठं पोस्टर शाळेच्या समुपदेशन विभागाचं आहे, क्लबचे कागद विद्यार्थ्यांच्या फलकावर, तिथे कुठल्याही क्लबला जागा मिळते. मैत्रिणीला हे सांगायला फोन केला. तिने उचलला नाही.

उलटा_शर्ट

सुमेधा, फोन मुद्दामच उचलला नाही. हा आयडी आत्ताच काढलाय. ओळखलंस ना.

सगळा धागा वाचला. आधी एक स्पष्ट करते: माझा मुलगा कुणाला काही बोलला नाही, कुणाच्या मागे लागला नाही. शर्ट घातला, पहिल्या तासाला बोलावणं आलं. मलाही तो शर्ट आवडलेला नाही. घरी मी तो धुवायच्या कपड्यांत तळाशी दडवला होता, त्याने शोधून काढला. पण मी आई म्हणून दडवणं आणि सरकारी शाळेने उलटा करायला लावणं एकच आहे का? त्या दिवसापासून तो शर्टच त्याच्यासाठी सगळं झालाय. आधी बहुधा दोन दिवसांत विसरला असता.

मधला_बाक, तुमचं वाचून मी रडले. ते हजेरीचं मी त्याला वाचून दाखवलं. त्याला मराठी वाचता येत नाही, ऐकून कळतं. काही बोलला नाही, पण उठूनही गेला नाही.

गणितबाई, तुमच्या मागच्या बाकावरच्या मुलाचं मी नाकारत नाही. पण माझ्या मुलाशीही कुणीतरी वाद घालावा, त्याला फक्त 'उतरव' म्हणून मोकळं होऊ नये, असं मला वाटतं.

तन्वी, तू विचारलंस ते त्याला विचारलं. बोललेला नाही. म्हणतो, त्या क्लबात गेलो तर हाकलतील. हाकलतील का गं सुमेधा?

मधला_बाक

@उलटा_शर्ट, उठून गेला नाही हे मला पुरलं.

गणितबाई

वाद घालावा हे शंभर टक्के मान्य. फक्त तो वाद माझ्या ट्रान्स विद्यार्थ्याच्या अंगावर टाकू नका, की 'तू आहेस हे सिद्ध कर'. ते काम मोठ्यांचं.

सुमेधा_जर्सी

ओळखलं गं. क्लब सगळ्यांना खुला आहे, शिक्षक सल्लागार बसलेले असतात. लेकीला विचारलं. तिचं म्हणणं जसंच्या तसं: येऊ दे, शर्ट घालून आला तरी चालेल, पण नुसता वाद घालायला येणार असेल तर पिझ्झा त्याने आणायचा. आणि एक मुलगा तिथे नव्याने यायला लागलाय, त्याच्याशी वाद नाही.

उलटा_शर्ट

विचारते. पेपरोनी चालतं का तुमच्याकडे, सासूबाई असताना?

टेक्सासकर

आमच्याकडे क्लबच उरला नाही, त्यामुळे पिझ्झाचा खर्च वाचला. @कलम_एकोणीस, एक राहिलंच. १९८४ चा केंद्राचा कायदा म्हणतो क्लब द्या, आमचं राज्य म्हणतं देऊ नका. मग शाळेने ऐकायचं कुणाचं?

कलम_एकोणीस

दोन्ही भिडले तर केंद्राचा वरचढ, हे घटनेतच आहे. पण ते आपोआप होत नाही. कुणातरी विद्यार्थ्याने लेखी अर्ज करायचा, शाळेने लेखी नकार द्यायचा, मग तो कागद घेऊन केंद्रीय जिल्हा न्यायालयात जायचं. टिंकरला तीन वर्षांहून जास्त लागली, हायस्कूल चारच वर्षांचं असतं. अर्ज नववीत करा.